कनिष्ठ लिपिकाची मुलाखत आणि कागदपत्र पडताळणी : माहिती हवी आहे

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. एरवी मी नुसता वाचत असतो, आज घरचं काम घेऊन आलोय.

माझी भाची, वय २६, बी.कॉम. जिल्हा न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिक पदाची चाळणी परीक्षा ती पास झाली, मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंगही निघालं. आता मुलाखतीचं बोलावणं आलंय, त्याच दिवशी मूळ कागदपत्रंही तपासणार आहेत. ताई आणि दाजी शेती करतात. आमच्या दोन्ही घरांत आजवर कुणी सरकारी कचेरीत नोकरीला लागलेलं नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला हाच प्रश्न आहे. क्लासवाले पेपरचं सगळं शिकवतात. पेपर निघाल्यावर पुढे काय, ते कुणी सांगत नाही. पोरगी हुशार आहे, पण चार अनोळखी मोठी माणसं समोर बसली की तिचा आवाज आत जातो.

सध्या ती पुण्यात एका कंपनीत हिशेबाचं काम करते. "एवढं शिकून कारकुनी करणार का?" असं तिला नातेवाइकांनी ऐकवलंय. मला मनापासून वाटतं की तिने जावं.

मुलाखतीत काय विचारतात, कागदांत काय अडतं, ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहावं.

पेठेतला
भाचीचं अभिनंदन! पण लिपिकाला मुलाखत? ती बंद झाली ना?

ओवी_अ
+१. मलाही तसंच वाटत होतं.

निवृत्त अव्वल कारकून
दोघांचंही अर्धं बरोबर आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब (अराजपत्रित) पदांच्या मुलाखती बंद केल्या. तिथे आता लेखी परीक्षा आणि पदानुसार टायपिंगसारखी कौशल्य चाचणी. आपल्याकडे एमपीएससीच्या लिपिक-टंकलेखक पदालाही मुलाखत नाही. न्यायालयांची भरती मात्र वेगळी चालते. ती उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली होते आणि तिथे मुलाखत अजून आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी ४६२९ पदांची जाहिरात आली होती, लघुलेखक, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई/हमाल अशी. तिन्ही पदांना मुलाखत होती.

गोदाकाठ, तुमच्या भाचीने सर्वांत अवघड टप्पा ओलांडलाय. चाळणीत हजारो गळतात आणि टायपिंगमध्ये त्याहून वाईट गळती होते. मुलाखतीवर मी सावकाश लिहितो. आधी कागद.

मी महसूल खात्यात आयुष्य काढलं, निवड समितीच्या मागच्या टेबलावर कागद तपासायला कितीतरी वेळा बसलो. गुणवत्ता यादीत नाव असलेली मुलं तिथून रडत गेलेली पाहिली आहेत. कारण दरवेळी तारीख. प्रमाणपत्र असतं, खरं असतं, पण अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर काढलेलं असतं. किंवा नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपलेली आणि अर्ज एप्रिलमध्ये भरलेला. अशा वेळी तपासणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. त्याने सोडलं तर यादीतला पुढचा उमेदवार हरकत घेतो, आणि त्याची हरकत रास्तच असते.

तेव्हा आजच्या आज जाहिरात आणि भाचीने भरलेला अर्ज, दोन्ही छापून समोर घ्या. अर्जात जे जे "होय" केलंय त्या प्रत्येकाला एक कागद पाहिजे, आणि त्या कागदावरची तारीख जाहिरातीत बसली पाहिजे.

सदाफुली
काकांच्या मुद्द्याला जोडून. लग्न झालेल्या मुलींचा नावाचा गोंधळ फार होतो. दहावीच्या सनदेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पदवीवर आईचं नाव मध्ये घातलेलं. माझ्या जावेला एका कार्यालयात याच कारणावरून बाजूला बसवून ठेवलं होतं. तिच्याकडे विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रात छापलेला नावबदल दोन्ही होतं म्हणून संध्याकाळी तिचा नंबर लागला. नोटरीकडच्या प्रतिज्ञापत्रावर विसंबून राहू नका, राजपत्र काढून ठेवा.

गोदाकाठ
@सदाफुली, भाचीचं लग्न झालेलं नाही, पण आधारवर आडनावात एक अक्षर चुकलंय. आजच बघतो.
@काका, अर्ज गावातल्या नेट कॅफेत भरला होता. छापून मागवलाय.

पेठेतला
नेट कॅफे वाचलं आणि काळजात धस्स झालं.

मी सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसतो. गावाकडून आलेल्या निम्म्या पोरांचे पहिले अर्ज कॅफेवाल्याने भरलेले असतात. तो माणूस वाईट नसतो, पण त्याच्यासमोर रांग असते. समांतर आरक्षणाच्या (जातीशिवायच्या इतर राखीव जागांच्या) रकान्यांवर तो झपाझप टिचक्या मारत जातो. माझ्या खोलीतल्या मित्राच्या अर्जात "भूकंपग्रस्त : होय" झालं होतं. गाव नाशिक जिल्ह्यातलं, घरात कुणाला त्या प्रमाणपत्राचा पत्ता नाही. निकालात त्याचं नाव भूकंपग्रस्तांच्या जागेवर आलं, प्रमाणपत्र नाही म्हणून उमेदवारी गेली. खुल्या यादीत त्याचे गुण थोडक्यात कमी पडत होते.

भूकंपग्रस्त, प्रकल्पग्रस्त, अंशकालीन, खेळाडू, माजी सैनिक, अनाथ, दिव्यांग हे सगळे रकाने स्वतः वाचून स्वतः भरायचे. कॅफेत बसा हवं तर, पण माऊस आपल्या हातात ठेवा.

बोरकरवाडी
अर्जाची फी कुणी काढणार नाही का? २०२३ ची तलाठी भरती, ४६४४ जागा, दहा लाखांहून जास्त अर्ज. खुल्या गटाला १००० रुपये, राखीवला ९००. बेरोजगार पोरांकडून एवढे पैसे घेताना सरकारला काहीच वाटत नाही? केंद्राची एसएससी (स्टाफ सिलेक्शन कमिशन) १०० रुपये घेते, त्यातही महिला, एससी, एसटी, दिव्यांग, माजी सैनिक यांना माफी. मग आपल्या राज्याला काय अडचण आहे? एकाच वर्षी जिल्हा परिषद, तलाठी, वनरक्षक असे चार फॉर्म भरले की शेतमजुराच्या घरातली महिन्याची कमाई गेली.

पेठेतला
सहमत. आणि इतकं देऊन जेव्हा तलाठी भरतीत २०० पैकी २१४ गुणांची यादी लागते तेव्हा पोरांचा विश्वासच उडतो.

सह्यकडा
२१४ चं तेवढं समजून घेऊ. तो घोटाळ्याचा पुरावा म्हणून सगळीकडे फिरला, पण ते गुण सामान्यीकरणानंतरचे होते. परीक्षा महिनाभर वेगवेगळ्या सत्रांत चालली, कुणाचा पेपर सोपा तर कुणाचा कठीण. ते समान पातळीवर आणायला सूत्र वापरतात आणि त्यात कठीण सत्रातल्या पोराचे गुण वर जातात. गणित चुकलेलं नाही. पण हे आधी साध्या मराठीत समजावून सांगायला हवं होतं, यादी लागल्यावर खुलासे कसले करता? दहा लाख पोरांना अंधारात ठेवून नंतर "सूत्र असंच आहे" म्हणणं मला पटत नाही.

बोरकरवाडी
सूत्र बरोबर असेलही. एकाच दिवशी एकच पेपर घेतला तर सूत्रच लागणार नाही. पोलीस भरतीला मैदानावर पोरं सांभाळता येतात, मग पेपरला का नाही?

सह्यकडा
दहा लाख मुलांना एका दिवशी संगणक कुठून आणायचे? आणि कागदावर घ्यायचं म्हटलं तर पेपरफुटीची भीती. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचं काय झालं ते आठवा.

निवृत्त अव्वल कारकून
हा वाद महत्त्वाचा आहे, पण गोदाकाठ यांच्या भाचीची तारीख जवळ आली आहे. वेगळा धागा काढा, मी स्वतः येऊन लिहीन.

टंकनशाळा
धागा आत्ता पाहिला. सांगली भागात आमचा टंकलेखनाचा वर्ग आहे, वडिलांनी टाइपरायटरवर सुरू केलेला, आता संगणकावर चालतो. वाचणाऱ्या इतर मुलांसाठी टायपिंगबद्दल लिहितो.

न्यायालयाला आणि कर सहायकाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट ही दोन्ही प्रमाणपत्रं लागतात, एमपीएससीच्या लिपिक-टंकलेखकाला दोन्हींपैकी एक चालतं. ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते आणि अभ्यासक्रम सहा महिन्यांचा असतो. मुलं पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना हे करत नाहीत. जाहिरात आली की धावत येतात आणि "सर, महिन्यात होईल का?" विचारतात. होत नाही. बोटं एका महिन्यात वळत नाहीत.

दुसरी गोष्ट, प्रमाणपत्र मिळालं म्हणजे वेग टिकला असं नाही. प्रमाणपत्र तीन वर्षांपूर्वीचं आणि चाचणी आज, मधल्या काळात मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिलेलं. चाचणीला बसल्यावर "कर्तव्य" हा शब्द आला की हात थांबतो. कीबोर्डच्या रेमिंग्टन मांडणीत रफार अक्षरानंतर येतो, इन्स्क्रिप्टमध्ये आधी र, मग हलन्त, मग अक्षर. पहिली वेलांटी रेमिंग्टनमध्ये अक्षराच्या आधी दाबायची, इन्स्क्रिप्टमध्ये नंतर. ज्याने एकावर शिकून दुसऱ्यावर चाचणी दिली त्याच्या ओळीच्या ओळी चुकतात, आणि चुकांचे गुण कापले जातात. कुठली मांडणी मिळणार ते चाचणीच्या सूचनापत्रात वाचायचं आणि त्याच मांडणीवर रोज सराव करायचा.

माझ्या वर्गातली एक मुलगी भाजीचा गाळा सांभाळून यायची. हाताला मेथीचा वास, पण वेग पंचेचाळीसचा. ती आज एका जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरीला आहे. मला तिचा फार अभिमान आहे.

ओवी_अ
सर, शेवटचा परिच्छेद वाचून डोळे भरले.

पेठेतला
शिपाई पदाला स्वच्छता आणि चापल्य चाचणी असते म्हणे. आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांनी ऐकल्यापासून रोज सकाळी झाडू कोण मारणार यावर भांडण होतं, सगळ्यांनाच सराव करायचाय.

सदाफुली
😄 अभ्यासिका लखलखीत झाली असेल!

सीमावासी
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथल्या जाणत्यांना विचारून घेतो. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. महाराष्ट्राच्या जाहिरातींत सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना अर्ज करता येतो असं असतं. तो रकाना भरला तर पुढे खरंच घेतात का?

निवृत्त अव्वल कारकून
घेतात. ती गावं महाराष्ट्राने दावा सांगितलेली आहेत. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा तुमच्याकडच्या तहसीलदारांचा दाखला लागतो. गाव यादीत आहे का ते आधी बघा आणि गावाचं नाव यादीत जसं आहे तसंच दाखल्यावर येऊ द्या. मराठी शाळेतून शिकलात याचे कागदही सोबत ठेवा. जरूर अर्ज करा, आपल्याच माणसांसाठी ही सोय आहे.

फोंडेकर
आमच्या गोव्यातलं सांगतो. इथे एलडीसी म्हणजे कनिष्ठ कारकून. जाहिरातीत ठरलेलं असतं, कोंकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं ज्ञान इष्ट. सोबत पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणि रोजगार विनिमय केंद्राची नोंदणी. पूर्वी प्रत्येक खातं आपापली भरती करायचं, त्यामुळे मंत्र्याच्या दारात रांगा. आता कर्मचारी निवड आयोग आहे, संगणकावर परीक्षा होते. २०२४ च्या अखेरीस नोकरी लावतो म्हणून लोकांकडून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणं उघड झाली, अटका झाल्या. पैसे देणाऱ्यांत दागिने मोडलेली घरं होती. महाराष्ट्रातही असे दलाल असणारच. गोदाकाठ, भाचीला मुलाखतीच्या आधी कुणाचा "सेटिंग करून देतो" असा फोन आला तर घरातल्या सगळ्यांना आधीच सावध करून ठेवा.

बोरकरवाडी
मुलाखत म्हणजे वशिला, हे कुणी बोलणार आहे की नाही? केंद्राने ती बंद केली ती याच कारणासाठी ना? न्यायालयाने तरी का ठेवली?

वकीलीण
मी जिल्हा न्यायालयात वकिली करते, म्हणून लिहिते. बोरकरवाडी, तुमचा राग मला कळतो. लहान पदांसाठी मुलाखत नको हे माझंही मत आहे. पंधरा मिनिटांत माणूस कळत नाही आणि गरीब घरातल्या मुलाचं दडपण गुणांत मोजलं जातं. पण "सगळं ठरलेलंच असतं" हे मुलांच्या कानावर घालू नका. ते ऐकून चांगली तयारी झालेली मुलं अर्ध्या मनाने आत जातात. मुलाखत घ्यायला न्यायाधीश बसतात आणि बरेचसे गुण लेखी आणि टायपिंगमध्ये आधीच पदरात पडलेले असतात. माझ्या ओळखीच्या न्यायालयात लागलेली मुलं शेतकऱ्यांची, रिक्षावाल्याची, अंगणवाडी सेविकेची आहेत. त्यांच्यामागे कुणी नव्हतं.

बोरकरवाडी
ताई, तुम्ही रोज तिथे असता, तुमचं मानतो. पण मुलाखत काढून टाका ही मागणी मी सोडणार नाही.

वकीलीण
सोडू नकाच.

टेम्सकाठी
इथे लंडनमध्ये सिव्हिल सर्व्हिसमधल्या लहान पदांना मी अर्ज केला होता, म्हणून तुलनेसाठी. राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना, काम करण्याची परवानगी असेल तर, बऱ्याच पदांना अर्ज करता येतो. बहुतेक वेळा निवडणाऱ्याला अर्जावर नाव दिसत नाही. जागेनुसार एक-दोन अंगचे गुण ठरलेले असतात, उदाहरणार्थ सोबत काम करणं, वेळेत काम पुरं करणं. प्रत्येकावर २५० शब्दांत स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग लिहायचा. मुलाखतीतही तेच, काय प्रसंग होता, तुम्ही काय केलंत, काय झालं. सामान्यज्ञान कुणी विचारत नाही. आपल्याकडे पाठांतर जास्त म्हणतात, पण मला इथे उलट अडचण आली. "मी हे केलं" असं ठामपणे सांगायची आपल्याला सवय नसते, आपण "आम्ही केलं" म्हणतो. भाचीने कंपनीतल्या कामाचे दोन-तीन प्रसंग असे तयार ठेवावेत, कुठेही उपयोगी पडतील.

सह्यकडा
हे आवडलं. आपल्या निवड मंडळांनी नाव झाकण्याची पद्धत उचलायला हरकत नाही. आडनावावरून माणूस जोखायची सवय आपल्या हाडीमाशी आहे.

गोदाकाठ
मंडळी, तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार. अर्ज आला. रकाने ठीक आहेत, "महिला" आणि "इमाव" (ओबीसी) एवढंच. नॉन-क्रिमीलेअर मुदतीत आहे. आधारची दुरुस्ती टाकली. दोन प्रतिष्ठित व्यक्तींची चारित्र्य प्रमाणपत्रं मागितली आहेत, ती कुणाची चालतात? आणि आता कृपया मुलाखतीबद्दल. ती रोज रात्री फोन करून विचारते.

वकीलीण
चारित्र्य प्रमाणपत्र ओळखीचे मुख्याध्यापक, प्राध्यापक, डॉक्टर, वकील यांच्याकडून घ्या. नातेवाईक नको. नाव, हुद्दा, पत्ता, सही, शिक्का, आणि जाहिरातीत नमुना दिला असेल तर त्याच नमुन्यात.

आता मुलाखत. मी मंडळावर नसते, पण लागलेल्या मुलामुलींशी रोज बोलते, त्यावरून सांगते.

सुरुवात स्वतःबद्दल सांगा अशीच होते. तिने गाव, शिक्षण, सध्याचं काम एवढं सांगून थांबावं. बी.कॉम. आहे आणि कंपनीत हिशेब बघते, तर पुढचा प्रश्न हमखास : न्यायालयात का यायचंय? "सरकारी नोकरी सुरक्षित असते" हे उत्तर सगळेच देतात. तिने एक दिवस सुट्टी काढून जवळच्या न्यायालयात जाऊन बसावं, खुल्या न्यायालयात कुणीही बसू शकतं. सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) लागतो, पुकारा होतो, पक्षकार धावत येतात, आणि न्यायाधीशांच्या पुढ्यात खालच्या बाजूला बसलेला लिपिक पुढची तारीख लिहून घेत असतो. म्हातारा पक्षकार बाहेर येऊन त्याच लिपिकाला विचारतो, "साहेब, तारीख कोणती पडली?" ती तारीख नीट सांगितली, रोजनामा (प्रकरणाची तारीखवार नोंद) चोख ठेवला, नकलेचा अर्ज वेळेत काढला, तर त्या माणसाची खेप वाचते. शंभर किलोमीटरवरून एसटीने आलेला असतो तो. हे तिने डोळ्यांनी पाहिलं की उत्तर पाठ करावं लागणार नाही.

नंतर कामाचे प्रश्न. दिवाणी आणि फौजदारी यात फरक काय. नाझर काय करतो, बेलिफ काय करतो. समन्स आणि वॉरंट. सीएनआर क्रमांक कशाला असतो (प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकी क्रमांक, त्यावरून प्रकरणाची स्थिती घरबसल्या कळते). १ जुलै २०२४ पासून लागू झालेले तीन कायदे : भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, भारतीय साक्ष्य अधिनियम, कुठला कशाच्या जागी आला. मुंबई उच्च न्यायालयाची खंडपीठं नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ). आपल्या जिल्ह्याच्या प्रमुख न्यायाधीशांचं नाव. एवढं आलं तरी पुष्कळ.

जे माहीत नाही ते "माहीत नाही, सर" असं सरळ म्हणायचं. न्यायाधीशांचा दिवस खरं-खोटं ओळखण्यात जातो, त्यांच्यासमोर ठोकून दिलेलं उत्तर टिकत नाही.

निवृत्त अव्वल कारकून
वकीलताईंनी उत्तम लिहिलं. माझी भर एवढीच. आवाज आत जातो म्हणालात, त्यावर उपाय घरीच आहे. दाजींना, ताईंना आणि शेजारच्या दोन वडीलधाऱ्यांना खाटेवर बसवा, तिला समोर खुर्चीवर, आणि कुणीही काहीही विचारू द्या. पिकाचा भाव विचारला तरी उत्तर द्यायचं. आठवडाभर करा. अनोळखी नजरेची भीती नजरेची सवय झाल्यावरच जाते.

कपड्यांसाठी खर्च नको. स्वच्छ साधा पंजाबी ड्रेस किंवा साडी, ज्यात ती रोज वावरते तेच. मूळ कागद एका फाइलमध्ये जाहिरातीतल्या क्रमाने, साक्षांकित प्रती वेगळ्या. तपासणारा नाव घेईल तो कागद लगेच काढून देता आला पाहिजे. त्याच्या पुढ्यात दोनशे फायली असतात, नीट लावलेली फाइल पाहून त्यालाही बरं वाटतं.

सदाफुली
आणि "एवढं शिकून कारकुनी" म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

निवृत्त अव्वल कारकून
त्यांना आकडे सांगायचे. कनिष्ठ लिपिक वेतनस्तर एस-६, मूळ वेतन १९,९०० पासून ६३,२०० पर्यंत, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. सुरुवातीचा आकडा पुण्याच्या कंपनीपेक्षा कमी वाटेलही. पण पुण्यात खोलीचं भाडं, मेस आणि येण्याजाण्यात जे जातं ते वजा करा. जिल्ह्याच्या ठिकाणी ती स्वतःच्या आईबापाजवळ राहील. पुढे वरिष्ठ लिपिक, सहायक अधीक्षक, अधीक्षक अशी वाट आहे. निवृत्तिवेतनाबाबत मात्र मनात जुनी समजूत ठेवू नका. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, तेव्हा पहिल्या पगारापासून थोडी बचत वेगळी काढावी.

आणि कंपनीचा राजीनामा नियुक्तीपत्र हातात पडेपर्यंत देऊ नये. निवड यादी आणि नियुक्ती यांत महिनेच्या महिने जातात. त्या काळात घरी बसलेली मुलं खचतात.

सह्यकडा
वय २६ म्हणालात. एसएससीच्या सीएचएसएलसाठी (केंद्राची बारावी पातळीची लिपिक वगैरे पदांची परीक्षा) खुल्या गटाची मर्यादा २७, इमाव म्हणून तीन वर्षं जास्त. टायपिंग आहेच, इंग्रजी ३५ लागतं, तिचं ४० झालंय. महिलांना फी नाही. मुलाखतीची वाट पाहताना हा अर्जही भरून ठेवायला सांगा. फक्त केंद्राला इमावचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. आपल्या जातीचं नाव केंद्राच्या यादीत आहे का तेही बघा.

गोदाकाठ
हे माहीतच नव्हतं. केंद्राच्या नमुन्यातला दाखला कुठे मिळतो, सेतूत?

सह्यकडा
हो, सेतू किंवा आपले सरकार पोर्टलवरून अर्ज, सही तहसील किंवा उपविभागीय कार्यालयातून. अर्ज करतानाच "केंद्र शासनाकरिता" असा प्रकार निवडायचा. उत्पन्नाचे दाखले तेच चालतात. जाहिरात येण्याची वाट बघू नका, कारण जाहिरात आली की सगळा तालुका त्या खिडकीवर असतो.

गोदाकाठ
उद्याच दाजींना तहसीलला पाठवतो. आणि भाची शनिवारी सुट्टी काढून शिवाजीनगरच्या न्यायालयात बसणार आहे, वकीलताईंचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला.

वकीलीण
शनिवारी सगळी न्यायालयं बसत नाहीत. दुसरा आणि चौथा शनिवार तर सुट्टीच. तिला सोमवार ते शुक्रवारमधला दिवस घ्यायला सांगा आणि साडेदहाच्या आत पोचायला सांगा, म्हणजे बोर्ड लागताना बघायला मिळेल.